रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण?

रात्री अकरानंतर येणारा फोन बहुधा एकाच प्रश्नाने सुरू होतो. ‘साहेब, व्हेंटिलेटर मिळेल का?’ विचारणारा शाहूवाडीचा असतो, चंदगडचा असतो, कधी घाटाखालच्या वैभववाडीचा असतो. त्याच्या माणसाला गावाकडच्या दवाखान्यातून ‘मोठ्या ठिकाणी न्या’ असे सांगितलेले असते आणि मोठे ठिकाण म्हणजे कोल्हापूर, एवढे त्याला ठाऊक असते. भूलतज्ज्ञ म्हणून या शहरातील अतिदक्षता विभागांत काम करताना हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला. ‘तुमच्याकडे रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात?’ असे मात्र आजवर एकाही नातेवाइकाने विचारलेले नाही. यात त्यांचा दोष नाही. अतिदक्षता म्हणजे यंत्रे, ही समजूत आम्ही डॉक्टरांनी, रुग्णालयांच्या जाहिरातींनी आणि उद्घाटनाच्या फिती कापणाऱ्यांनी मिळून लोकांच्या मनात पक्की बसवली आहे. माझे म्हणणे असे आहे की, जिल्ह्याची अतिदक्षता सेवा खाटा आणि व्हेंटिलेटर यांच्या संख्येवर मोजणे आता थांबवावे. गंभीर रुग्णाच्या उशाशी शिकलेला माणूस चोवीस तास असतो का, या कसोटीवर ती मोजावी, आणि सार्वजनिक पैसाही आधी त्या माणसावर व मग यंत्रावर खर्च व्हावा.

अतिदक्षतेच्या या शाखेचा जन्मच हातांतून झालेला आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. तेथील ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली माणसे आणि मुले रोज येऊ लागली, आणि त्यांना श्वास देणारी त्या काळची यंत्रे तेथे जेमतेम सात होती. सुरुवातीच्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. २७ ऑगस्ट रोजी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवून घेतली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुफ्फुसांत हवा भरली. मुलगी जगली. त्यानंतरच्या महिन्यांत सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, एकेका रुग्णाच्या उशाशी बसून, अशा पिशव्या दाबल्या. एका वेळी ७० पर्यंत रुग्ण असे हातांवर श्वास घेत होते. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये इब्सेन यांनी गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. त्या विभागाची मूळ कल्पना एवढीच होती की, ज्याचा जीव क्षणाक्षणाला डोलतो आहे त्याच्यापासून नजर हलू द्यायची नाही. यंत्रे नंतर आली आणि ती त्या विद्यार्थ्यांच्या हातांना विश्रांती देण्यासाठी आली. त्यांच्या डोळ्यांचे काम मात्र अजून कोणत्याही यंत्राने घेतलेले नाही.

हे आपल्या मातीतल्या उदाहरणाने सांगतो. मण्यार चावते ती बहुतेक वेळा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दंश फारसा दुखत नाही, सूजही जवळजवळ येत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, घोट गिळवत नाही आणि हळूहळू श्वास थांबू लागतो. विष मज्जातंतूंच्या टोकांचीच नासधूस करत असल्यामुळे, एकदा ही अवस्था आली की प्रतिविष देऊनही स्नायू लगेच हलू लागत नाहीत. ती टोके पुन्हा तयार होईपर्यंत काही दिवस वाट पाहावी लागते. त्या काळात कोणी श्वास चालू ठेवला, तर रुग्ण आपल्या पायांनी घरी जातो. पन्हाळ्याच्या बाजूचा विशीतला एक शेतमजूर असाच आमच्याकडे आला. ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांनी प्रतिविष देऊन, वेळेत नळी घालून त्याला पाठवले होते, आणि रुग्णवाहिकेत सोबतच्या कर्मचाऱ्याने शहर येईपर्यंत पिशवी दाबत ठेवली होती. सहा दिवस तो व्हेंटिलेटरवर होता.

त्या सहा दिवसांत यंत्राने केलेले काम अगदी साधे होते. फुफ्फुसे निरोगी होती. मिनिटाला ठरावीक वेळा हवा आत सोडणे, एवढेच त्याला करायचे होते. बाकीचे सगळे परिचारिकांनी केले. दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीत साठलेला कफ सक्शनने काढणे, तोंड स्वच्छ करणे, मिटता न येणाऱ्या डोळ्यांत मलम घालून ते झाकणे, नाकातल्या नळीवाटे अन्न देणे, लघवी किती झाली ते दर तासाला लिहिणे. आणखी एक गोष्ट त्या विभागातल्या ज्येष्ठ सिस्टर करत, ती कोणत्याही चार्टवर नोंदवली जात नाही. मण्यारीच्या विषाने माणूस पूर्ण लुळा पडतो, पण त्याची शुद्ध शाबूत असू शकते. बाहेरून तो मेल्यासारखा दिसतो, आतून मात्र तो सारे ऐकत असतो. म्हणून प्रत्येक कामाआधी त्या त्याच्या कानाशी सांगत, ‘दादा, आता कूस बदलते हां, घाबरू नका.’ सातव्या दिवशी बोलू लागल्यावर त्याने पहिली चौकशी केली ती त्या आवाजाची.

याच्या उलटही मी पाहिले आहे. एका ठिकाणी, ज्याचे नाव घेण्याची गरज नाही कारण तशी ठिकाणे अनेक आहेत, रात्रपाळीला सहा रुग्णांमागे एकच परिचारिका होती, आणि तीही तीन महिन्यांपूर्वी शिक्षण संपवून आलेली. पलीकडच्या खाटेवरील रुग्णाची नाडी थांबल्यामुळे ती तिकडे गुंतली असताना दुसऱ्याच्या नळीत कफाचा बोळा अडकला. मॉनिटर ओरडत होता, व्हेंटिलेटर ओरडत होता, दोन्ही यंत्रे नवी आणि महागडी होती आणि दोघांनीही आपले काम चोख केले होते. त्या आवाजाकडे धावत जाणारा माणूस तेवढा तिथे नव्हता. त्या मुलीला सकाळी जे बोलणे ऐकावे लागले ते आठवले की आजही मला शरम वाटते, कारण तिला सहा रुग्ण देण्याचा निर्णय तिचा नव्हता.

गंभीर रुग्णाच्या देखभालीची मूलतत्त्वे कोणती, असे विचारले तर उत्तर निराश करण्याइतके साधे आहे. श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास पुरेसा आहे का, रक्ताभिसरण टिकून आहे का, शुद्ध कशी आहे, हे पुन्हा पुन्हा पाहणे हा त्याचा पाया. त्यावर रोजची निगा येते. बेल्जियमचे अतिदक्षता तज्ज्ञ ज्याँ-लुई व्हिन्सेंट यांनी २००५ मध्ये प्रत्येक राउंडला प्रत्येक रुग्णाबाबत विचारायच्या सात गोष्टी एकत्र मांडल्या: पोटात अन्न जाते आहे का, वेदना शमली आहे का, गुंगीचे औषध गरजेपेक्षा जास्त तर नाही ना, पायांच्या शिरांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून उपाय केला आहे का, उशाकडचा भाग ३० ते ४५ अंश वर आहे का, जठरात व्रण होऊ नये याची काळजी घेतली आहे का, आणि साखर आटोक्यात आहे का. या सातांपैकी एकाही गोष्टीला कोटींचे यंत्र लागत नाही. खाटेचे डोके वर करायला एक हँडल फिरवावे लागते. पण ते प्रत्येक वेळी, कूस बदलल्यानंतर, रात्री तीन वाजतासुद्धा फिरवणारे कोणीतरी असावे लागते. न फिरवल्यास पोटातील पाणी घशातून फुफ्फुसात उतरण्याचा धोका वाढतो आणि मूळ आजारातून सावरू लागलेला माणूस न्यूमोनियाने पुन्हा खाली जातो.

व्हेंटिलेटरबद्दलही हेच. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवरील एका मोठ्या अभ्यासाने दाखवले की, फुफ्फुसे गंभीररीत्या सुजलेल्या रुग्णांना किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर एवढाच छोटा श्वास दिला तर मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येते. यातला ‘किलो’ काट्यावरचा नाही. रुग्णाच्या उंचीवरून काढलेले अपेक्षित वजन येथे धरायचे असते, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याची फुफ्फुसे मोठी होत नाहीत. म्हणजे लाखोंच्या यंत्राचा योग्य वापर शेवटी मोजपट्टीवर येऊन थांबतो. रुग्णाची उंची प्रत्यक्ष मोजून लिहिलेली केसपेपरवर किती ठिकाणी सापडते, हे माझ्या व्यवसायबंधूंनी स्वतःच पाहावे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील अभ्यासाने अशाच रुग्णांना दिवसातील बराच काळ पालथे झोपवल्यास २८ दिवसांतील मृत्यू सुमारे ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येतात असे दाखवले. नळ्या न निसटू देता एका बेशुद्ध माणसाला पालथे करायला चार-पाच जोडी हात लागतात. करोनाच्या काळात या शहराने ते केले आहे. तेव्हा हात कमी पडले म्हणून पालथे करायचे राहून गेलेले रुग्णही आम्हाला ठाऊक आहेत.

आता हिशेब मांडू. चोवीस तासांत तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याला २१. एक परिचारिका साप्ताहिक सुट्टी धरून सहा पाळ्या करते. म्हणजे खाटेशेजारची एक जागा सतत भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात आणि रजा, आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण धरले तर चाराहून जास्त. दहा खाटांच्या विभागात पाच रुग्ण व्हेंटिलेटरवर असतील, तर त्या प्रत्येकामागे एक आणि उरलेल्या पाच जणांत दर दोघांमागे एक या प्रमाणाने दर पाळीला आठ जणी हव्यात; पटावर बत्तीसहून अधिक. नवा विभाग जाहीर होतो तेव्हा खाटांचा, यंत्रांचा आणि इमारतीचा आकडा बातमीत असतो. बत्तीसचा आकडा कधी वाचल्याचे मला आठवत नाही. धरण बांधले म्हणून शेवटच्या वावरात पाणी पोहोचत नाही, त्यासाठी पाटकरी लागतो, हे राधानगरीच्या पाण्यावर वाढलेल्या जिल्ह्याला वेगळे समजावून सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, परिचारिका मिळतच नाहीत. हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यात नर्सिंगचे शिक्षण नवे नाही. मिरजेच्या मिशन रुग्णालयाने तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच परिचारिका घडवायला सुरुवात केली होती. मुली शिकतात, वर्ष-दोन वर्षे येथे काम करतात आणि हात तयार होताच पुण्या-मुंबईला किंवा आखाती देशांत निघून जातात, कारण येथे अकरा-अकरा महिन्यांचे करार आहेत, पगार तुटपुंजा आहे आणि अतिदक्षता विभागातील अनुभवाला वेगळी किंमत नाही. ज्या कामात पाच वर्षांच्या अनुभवाने माणसाची नजर तयार होते, त्या कामातली माणसे आपण दर दोन वर्षांनी बदलतो आणि मग माणसे मिळत नाहीत म्हणतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. खासगी रुग्णालयांचे म्हणणे असे की, शासकीय योजनांच्या ठरावीक दरांत एवढ्या परिचारिका परवडत नाहीत. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच योजनेचा दर खाटेवर न ठरवता परिचारिकांच्या प्रमाणावर ठरवावा, असे मला वाटते. ज्या विभागात दोन रुग्णांमागे एक परिचारिका खरोखर असते त्याला जास्त दर आणि जिथे सहांमागे एक असते तिथे अतिदक्षतेचा दर मुळीच नाही. तो विभाग मग काहीही असेल, अतिदक्षता विभाग नसेल.

निगेची ताकद काय असते याचे उदाहरण महाराष्ट्राला दूर शोधावे लागत नाही. १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर परिचारिका अरुणा शानबाग यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील वॉर्डात अंथरुणाला खिळून ४२ वर्षे काढली. तो अतिदक्षता विभाग नव्हता आणि तेथे अंथरुणाशेजारी यंत्रांची रांगही नव्हती. २०११ मध्ये त्यांच्याबाबतचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा एवढ्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नसल्याची नोंद पुढे आली. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण कूस बदलण्याचे काम चुकले नाही. आमच्या विभागांत दहा दिवसांत पाठीला जखम घेऊन जाणारे रुग्ण पाहिले की ती नोंद मला टोचते.

मात्र केवळ संख्या वाढवून भागणार नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी मोठ्या शिरेतील नळीमुळे होणारा जंतुसंसर्ग रोखण्यासाठी पाच साध्या गोष्टी पाळायचे ठरवले: हात धुणे, नळी घालताना रुग्णाला पूर्ण निर्जंतुक कापडाने झाकणे, त्वचा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने साफ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हजार नळी-दिवसांमागे (एक नळी एक दिवस राहिली की एक नळी-दिवस) २.७ असलेला संसर्गाचा मध्यक दर, म्हणजे विभागांच्या क्रमवारीतील मधल्या विभागाचा दर, शून्यावर आला. या यशात एक नियम कळीचा होता. डॉक्टर यांतील एखादी पायरी चुकवत असेल, तर परिचारिकेने त्याला तेथेच थांबवायचे आणि व्यवस्थापनाने तिच्या पाठीशी उभे राहायचे. आपल्याकडे किती सिस्टर ‘सर, हात धुवायचे राहिले’ असे मोठ्या डॉक्टरांना म्हणू शकतील? मला स्वतःला एका ज्येष्ठ परिचारिकेने असे थांबवले तेव्हा क्षणभर राग आला होता. त्या रागाची आठवण मी जपून ठेवली आहे, कारण तो राग प्रत्येक विभागात रोज कोणत्या तरी तरुण परिचारिकेचे तोंड बंद करत असतो.

अतिदक्षतेची चर्चा अतिदक्षता विभागाच्या दारापाशी सुरू करणे हीसुद्धा चूकच आहे. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, आफ्रिकेतील २२ देशांच्या अभ्यासात असे आढळले की, रुग्णालयात दाखल आठ जणांपैकी एक जण गंभीर अवस्थेत असतो आणि अशा गंभीर रुग्णांपैकी ६९ टक्के साध्या वॉर्डात असतात. श्वसन निकामी होत असलेल्यांपैकी निम्म्याहून कमी रुग्णांना ऑक्सिजन मिळत होता. आपले वॉर्ड पाहणाऱ्याला हे चित्र परके वाटणार नाही. रुग्ण अचानक ‘कोसळला’ असे आपण म्हणतो, पण कागद चाळले तर बहुधा बारा-चौदा तास आधीपासून त्याचा श्वास वाढत गेलेला असतो. मिनिटाला किती श्वास, ही वॉर्डातली सर्वांत दुर्लक्षित नोंद आहे. घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट मोजावे लागते म्हणून प्रत्येक रुग्णापुढे सरसकट ‘२०’ लिहिले जाते. ब्रिटनने २०१२ पासून श्वास, ऑक्सिजनची पातळी, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान यांना गुण देऊन धोक्याची बेरीज काढण्याची पद्धत देशभर रुळवली. बेरीज ठरावीक आकड्याच्या वर गेली की परिचारिकेने वरिष्ठ डॉक्टरांना बोलवायचेच. अशी पद्धत कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या शासकीय रुग्णालयाच्या वॉर्डांत, गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि तालुक्यांच्या ग्रामीण रुग्णालयांत बसवायला एक छापील तक्ता, घड्याळ, ऑक्सिमीटर आणि बोलावल्यावर येणारा डॉक्टर एवढेच लागते. यातली शेवटची गोष्ट अवघड आहे, हे मला मान्य आहे.

कोणाला अतिदक्षता विभागात घ्यायचे नाही, हाही मूलतत्त्वांचाच भाग आहे, जरी त्यावर आपण कुजबुजतच बोलतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ च्या अखेरीस तयार केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, रुग्णाचा किंवा नातेवाइकांचा नकार असेल किंवा उपचाराने फायदा होणार नाही असा आजार असेल तर दाखल करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. अखेरच्या अवस्थेतील कर्करोग असलेल्या आजोबांना यंत्रावर ठेवायचे की घरच्यांच्या सोबतीत, वेदनारहित जाऊ द्यायचे, हा प्रश्न डॉक्टरने रात्री दोन वाजता फॉर्मवर सही मागताना नव्हे, तर दिवसाउजेडी, खुर्चीवर बसून, मराठीत आणि पुरेसा वेळ देऊन बोलायचा आहे. असे बोलणे हीही निगाच आहे, आणि तिलाही माणूस लागतो.

शेवटचा मुद्दा पावसाचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने पुणे–बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. गगनबावड्याचा रस्ता तर जवळजवळ दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. नेमके हेच दिवस सर्पदंशाचे, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) आणि डेंग्यूचे. अशा वेळी ‘कोल्हापूरला न्या’ या सल्ल्याला अर्थ उरत नाही; पाणी उतरेपर्यंत रुग्ण जिथे आहे तिथेच त्याला सांभाळावे लागते. त्यासाठी प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात चालू स्थितीतले सक्शन, दोन दिवस पुरेल एवढा ऑक्सिजन, हाताने दाबायची पिशवी, प्रतिविष, आणि प्रत्येक पाळीला नळी घालता येणारी व पिशवी दाबता येणारी किमान दोन माणसे हवीत. बाराही तालुक्यांत यातले काय आहे आणि काय नाही याची तपासणी मे महिन्यात आठवडाभरात होऊ शकते. तिचा निकाल जिल्हा परिषदेच्या फलकावर लावावा, आणि त्याच फलकावर शहरातील प्रत्येक अतिदक्षता विभागात काल रात्री एका परिचारिकेकडे किती रुग्ण होते, तो आकडाही रोज लिहिला जावा.